बर्फाची जाडी

बँकेतला पेल्टिए भला माणूस आहे.
दर वर्षी सरोवराच्या फोटोंचं कॅलेंडर देतो,
रेइनोच्या अंत्यविधीला मागच्या बाकावर बसला होता,
टोपी मांडीवर घेऊन.
सतरा वर्षं माझ्या प्रत्येक शंभरातून
दोन डॉलर दहा सेंट जात होते त्याच्या फंडाकडे,
हे मला काल कळलं,
हॉस्पिटलच्या लाँड्रीतली रात्रपाळी संपवून आल्यावर.
लपवलं होतं असं नाही.
बारीक अक्षरात होतं, आणि मी थकलेली होते.

पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
एक लाख चौऱ्याऐंशी हजारांवर
वर्षाला तीन हजार आठशे चौसष्ट.
हिवाळाभराचं घर तापवायचं तेल आलं असतं,
वर खालच्या दाढा.
कॅलेंडर महागात पडलं.

आता टेबलावर सहा फंडांची सहा पानं,
वेलचीचा पाव, दोन चष्मे.
थंडर बेवर उणे एकतीस.
मुलगी कॅलगरीहून सांगते, आई, आपल्याच देशाचा घे,
लाभांश चांगला मिळतो.
उघडून पाहिलं आत.
आपला देश म्हणजे पाचसहा बँका,
तेलाचे पाइप, दोन रेल्वे कंपन्या,
आणि उरलेल्या फटीत आम्ही सगळे.
नकाशावर केवढा वाटतो!
जावई म्हणतो, अमेरिकेचा घ्या,
डॉलरच्या चढउताराला कुंपण घातलेला.
दीर उर्हो म्हणतो, सोनं घे आणि पुरून टाक.
म्हटलं, मे महिन्यापर्यंत कुदळ चालत नाही इथं.

रेइनोचं सगळं एका जागी होतं.
पगार कागदगिरणीचा, पेन्शन गिरणीचं,
साठवलेले शेअरही गिरणीचेच.
ज्याचं मीठ खातो त्याच्यावर भरवसा नको?
असं विचारायचा, मान ताठ करून.
ज्या गुरुवारी फाटकाला कुलूप लागलं
त्या दिवशी एका शेअरमध्ये एक पाव आला नसता.
तो काही बोलला नाही.
सौना तापवली,
इतकी, की भिंतीच्या फळ्यांतून राळ गळायला लागली.

फॉर्म विचारतो,
गुंतवणूक तीस टक्क्यांनी घसरली तर तुम्ही काय कराल?
सगळी विकाल, थोडी विकाल, थांबाल, की आणखी घ्याल?
चौकोन चारच.
मला पाचवा हवा होता: भोक पाडून बघेन.

जानेवारीत मासे धरायला जायचो दोघं.
दर वीस पावलांवर तो गिरमिट लावायचा,
भोकात काठी घालून जाडी मोजायचा.
माणसाला चार इंच, ट्रकला बारा,
आणि कालच्या मापावर आज चालायचं नाही.
असा माणूस.
तो गिरणीवर मात्र
ट्रक, बायको, पोर घेऊन उभा राहिला,
एकदाही भोक न पाडता.

मी एकच फंड निवडला.
जगभरातल्या हजारो कंपन्या, थोड्याथोड्या,
खर्च शंभराला वीस सेंट.
साठ भाग शेअर, चाळीस भाग रोखे.
मुलगी म्हणाली, आई, रोखे जास्त होतात.
मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना विचार.

मग यादी वाचत बसले.
कोणी वाचत नसेल, मी वाचली.
दोन हजार एकशे सहाव्या ओळीवर
त्या कंपनीचं नाव,
जिनं गिरणी विकत घेतली आणि अकरा महिन्यांत बंद केली.
हिस्सा एका टक्क्याचे तीन हजारांश.
पाकीट पुन्हा उलटं केलं:
पाच डॉलर बावन्न सेंट.
म्हणजे आता मीही तिची मालकीण.
हसावं की काय ते कळेना.
कॉफी ओतून घेतली. थंड होती.
फंड बदलायचा विचार केला. दुसऱ्यातही ती होतीच.

पहाटे सहा वाजता सही केली.
खातं हलवायचा कागद पेल्टिएकडे जाईल
पुढच्या आठवड्यात कधीतरी.
फोन करून आधी सांगायला हवं, सतरा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत.
भला माणूस आहे.
कॅलेंडर परत मागणार नाही,
बहुतेक.